कागदी रुपयाचे रंगरूप

नोटेवर कोणाचे चित्र असावे हे राज्यसत्ता ठरवते. तिचा कागद, रंग आणि आकार मात्र बनावट नोटांची धास्ती, छपाईचा खर्च आणि वापरणाऱ्यांची सोय यांच्या ओढाताणीतून ठरत गेला, असे भारतीय कागदी चलनाच्या इतिहासावरून दिसते. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बंगाल, मुंबई आणि मद्रास या इलाख्यांच्या बँकांकडून सरकारकडे आला, आणि राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या, एकाच बाजूने छापलेल्या सरकारी नोटा चलनात आल्या. त्यांच्या हातघडणीच्या कागदात जलचिन्ह, म्हणजे कागद तयार होतानाच त्याची जाडी कमी-अधिक राखून उमटवलेली अक्षरे व नागमोडी रेषा असत. तरीही नकला इतक्या होऊ लागल्या की १८६७ मध्ये ही मालिका मागे घेऊन मजकुराखाली रंगीत नक्षी छापलेल्या नोटा आणाव्या लागल्या, आणि राखणदारीचे काम रंगाकडे आले.

या नव्या नोटांपैकी हिरव्या मालिकेवर चार भाषा होत्या, तर पुढील लाल मालिकेवर आठ. आरंभी नोट फक्त तिच्या चलनमंडळात, म्हणजे ती जेथून निघाली त्या ठरावीक प्रदेशातच, कायद्याने वटत असे. पाच, दहा, पन्नास आणि शंभरच्या नोटांवरील हे बंधन १९०३ ते १९११ या काळात टप्प्याटप्प्याने उठले. परगावी रक्कम पाठवणारे लोक नोट मधोमध कापून एक अर्धे टपालात टाकत आणि त्याची पोच आल्यावरच दुसरे रवाना करत.

१९२३ पासूनच्या नोटांवर पंचम जॉर्ज आले, १९२८ मध्ये नाशिकला छापखाना उभा राहिला आणि तोवर बँक ऑफ इंग्लंडकडे असलेली छपाई भारतात आली. स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घेण्याचा विचार झाला, पण अखेर सारनाथच्या सिंहस्तंभाची निवड झाली, आणि गांधीजी नोटेवर आले ते १९६९ च्या जन्मशताब्दीत, सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेले. त्याआधी, १९६७ मध्ये, काटकसरीपोटी नोटांचा आकार घटला होता.

१९९६ च्या महात्मा गांधी मालिकेत कागदात विणल्यासारखा आतबाहेर दिसणारा सुरक्षा धागा आला, तसेच दृष्टिहीनांसाठी बोटांना जाणवणाऱ्या उठावदार खुणा आल्या. त्या मालिकेत पन्नास, शंभर आणि पाचशेच्या नोटांच्या लांबीत दहा-दहा मिलिमीटरचा फरक होता. २०१६ नंतरच्या मालिकेत रंग एकमेकांपासून ठळकपणे वेगळे झाले: पाचशेची नोट राखाडी, दोनशेची पिवळीधमक, शंभरची फिकट जांभळी, तर वेरूळची लेणी मिरवणारी वीसची हिरवट पिवळी. मात्र शंभर, दोनशे आणि पाचशेच्या लांबीतील फरक चार-चार मिलिमीटरवर आला. डोळसांना रंगाने जेवढे साहाय्य झाले, तेवढेच बोटांनी मोजणाऱ्यांचे काम अवघड झाले, आणि २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगणारे ‘मनी’ हे मोबाइल ॲप काढावे लागले.