सगळ्यात मोठा पैलवान कोण?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी कोणी उठेना. बाहेर पारावर बाप्ये मंडळींचा वाद रंगला होता. यात्रेच्या कुस्त्या जवळ आल्या की हा वाद दरसाल निघतो: १९७० च्या आसपासच्या पिढीत सगळ्यात मोठा पैलवान कोण? आम्ही कान देऊन ऐकलं आणि मग आमच्यातच वाद सुरू झाला. तो आज तुमच्यापुढं मांडतो.

लातूरकरांचं उत्तर ठरलेलं असतं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या लातूरलाच भरल्या आणि गदा आपल्याच जिल्ह्यातल्या या पैलवानानं घेतली. दुसऱ्याच वर्षी, १९७० ला, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धेत ८२ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. १९७२ ला ते रुस्तम-ए-हिंद झाले. ते साल आपल्याकडं कोणी विसरलेलं नाही. आपल्या आया-आज्या तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या.

पण कोल्हापूरकडून आमच्या गावात नांदायला आलेली एक वहिनी लगेच म्हणाली, "आणि दादू चौगुले कुठं ठेवता?" तिचंही खोटं नव्हतं. मोतीबाग तालमीच्या दादू चौगुल्यांनी १९७० आणि १९७१, अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली. १९७३ ला तेही रुस्तम-ए-हिंद झाले. १९७४ ला न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सगळ्यात जड गटात रौप्यपदक आणलं.

आता मोजायचं कसं? गदा मोजल्या तर चौगुल्यांच्या दोन आणि बिराजदारांची एक. परदेशातलं पदक बघितलं तर बिराजदारांचं सोन्याचं आणि चौगुल्यांचं चांदीचं. पण एक ८२ किलोच्या गटात लढला, दुसरा शंभर किलोच्या वरच्या गटात. ज्वारीची पायली आणि तेलाचा लिटर एका मापात कसा बसवणार? त्यात पुन्हा आपल्या यात्रेतली कुस्ती मातीतली, पाठ टेकली की निकाल. परदेशातली कुस्ती गादीवरची, तिथं घड्याळ लावून गुण मोजतात. एकीकडचा वाघ दुसरीकडं तसाच चालेल असं नाही.

मग पारावरच्या म्हाताऱ्यांचा हुकमाचा पत्ता निघाला: १९७७ ची बेळगावची कुस्ती. समोर दिल्लीचा सतपाल, गुरू हनुमानांच्या आखाड्यातला. त्या सतपालला बिराजदारांनी हरवलं. हेच सतपाल पुढं १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. म्हणजे बेळगावला हरलेला गडी काही लेचापेचा नव्हता. पण एका कुस्तीवरून सगळी पिढी तोलता येते का? आमच्या गटात यावर दोन तट पडले.

तेवढ्यात आमच्यातली एक आजी बोलली. ती म्हणाली, "गदा कपाटात राहते गं. त्यानं मागं किती पोरं उभी केली ते सांगा." हे माप आम्हाला पटलं, कारण गटातही आपण तेच बघतो. पहिलं कर्ज कोणी फेडलं यापेक्षा तिनं आणखी किती जणींना उभं केलं, हे आपण मोजतो. बिराजदार पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडला. बिराजदार २०११ ला वारले. त्यानंतर राहुलला आपल्या लातूरच्याच काका पवारांनी घडवलं. २०१८ ला त्यानं राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेचं कांस्य. एडिंबरोनंतर ४८ वर्षांनी तेच सोनं पुन्हा मराठवाड्यात आलं. या मापानं आमच्या बैठकीनं बिराजदारांच्या बाजूनं हात वर केले. कोल्हापूरच्या वहिनीनं मात्र केला नाही. सतपालांनीही सुशीलकुमारसारखा ऑलिंपिकवीर घडवला, हेही तिनं ऐकवलं. तिचं मत आम्ही वहीत लिहून ठेवलं.

मग बारावीतली एक पोरगी, आईसोबत आलेली, म्हणाली, "या यादीत एक तरी बाई आहे का?" सगळ्या गप्प.

बाई नव्हती असं नाही. हमीदा बानू नावाची पैलवान होती, अलीगढला शिकलेली. १९५४ साली तिनं जाहीर केलं, जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन. बडोद्याला बाबा पहलवानाला तिनं १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. पुण्यात मात्र पुरुष पैलवानाबरोबरची तिची ठरलेली कुस्ती होऊच दिली नाही. आपल्याकडं महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. बायकांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ ला, सांगलीत. प्रतीक्षा बागडी जिंकली. मध्ये ६२ वर्षं गेली. त्या ६२ वर्षांत आपल्या वाड्या-तांड्यांवर किती पोरींच्या अंगात रग होती, कोणी मोजलं? जिला आखाड्यातच उतरू दिलं नाही, ती यादीत कशी येणार?

म्हणून आम्हाला वाटतं, मोठं कोण हा वाद जरूर घाला. त्यात जुनी माणसं, जुनी सालं पोरांच्या कानावर पडतात. पण वाद घालताना दोन गोष्टी विचारा: माप कोणतं लावलं, आणि मोजायला कोणाला उभंच केलं नाही. आमच्या गटानं ठराव केला आहे. यंदा यात्रा कमिटीची बैठक होईल तेव्हा आम्ही पाच जणी जाणार आणि मुलींच्या दोन तरी कुस्त्या यादीत घ्या म्हणून सांगणार. बक्षिसाचे पैसे लागले तर गटातून वर्गणी काढायची तयारी आहे. तुमच्या गावची यात्रा कधी आहे? तुम्हीही जा.