एकाने माघार घेतली आणि पुण्याचा उदयन माने ऑलिंपिकला पोचला

जुलै 2021. टोकियो ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. अर्जेंटिनाचा गोल्फर एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि पुण्यात राहणाऱ्या उदयन मानेचं नाव थेट ऑलिंपिकच्या यादीत गेलं.

आता जागतिक क्रमवारीत 300 च्याही पुढे असलेला खेळाडू ऑलिंपिकला जातो कसा? तर गोल्फला जागा फक्त 60. पण पहिल्या 15 मधले सोडले, तर एका देशाचे दोनच खेळाडू घेतात. त्यामुळे अमेरिकेचे भलेभले घरी बसतात आणि यादी खाली सरकत जाते. भारताकडून अनिर्बन लाहिरी अगदी काठावर आत आला होता, उदयन राखीव यादीत होता.

म्हणजे नशिबाने गेला? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. 1991 चा जन्म, 2015 मध्ये तो व्यावसायिक झाला. पीजीटीआय म्हणजे भारतातला व्यावसायिक गोल्फचा दौरा. इथे पगार नाही, हजेरीचे पैसे नाहीत. पहिल्या दोन दिवसांत मागे पडलात तर बॅग उचलायची आणि रिकाम्या हाताने घरी. अशा ठिकाणी टोकियोच्या आधीच त्याने दहाहून जास्त स्पर्धा जिंकल्या होत्या. 2019 ची शेवटची टाटा स्टील टूर चॅम्पियनशिप मारली, 2020 उजाडताच आणखी दोन. सलग तीन! हात असा बसलेला असताना मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मैदानंच बंद झाली.

टोकियोजवळच्या कासुमिगासेकी मैदानावर पहिल्या दिवशी त्याने 76 फटके घेतले. मैदानाचं पार 71, म्हणजे पाच जास्त. गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं. दुसऱ्या दिवशी मात्र 69. सात फटक्यांची सुधारणा एका रात्रीत होणं सोपं नसतं. शेवटी तो 56 वा आला, लाहिरी 42 वा. पदक अमेरिकेच्या झँडर शॉफलीने नेलं. आठवडाभरात अदिती अशोक चौथी आली आणि देश पहाटे उठून गोल्फ बघायला लागला. साहजिकच उदयनचं नाव मागे राहिलं.

परत आल्यावर त्याने काय केलं? 2020-21 च्या हंगामात पीजीटीआयच्या क्रमवारीत पहिला नंबर काढला.