माणसं कुठेयत?

मंडळी, आम्ही स्वारगेटकर. आमच्याकडे येतात-जातात त्या एसट्या, बोटी नव्हेत. पण परवा नातवाबरोबर घारापुरीला गेले, तोफांच्या टेकडीवर चढले (गुडघ्यांनी साथ दिली हे विशेष!) आणि समोर न्हावा-शेवा बंदर दिसलं. लेणी राहिली बाजूला, दुर्बीण घेऊन तासभर तिथेच बसून राहिलो.

कंटेनरनी लादलेली अवाढव्य बोट अगदी सावकाश येत होती. सुकाणूला पाण्याचा वेग लागतो. बोट मंदावली की ते जवळजवळ निकामी. मग दोन चिमुकल्या टगबोटी तिला ढुशा देत धक्क्याला लावतात, हट्टी म्हैस गोठ्यात लोटावी तशा. नातू डबे मोजायला लागला आणि चारशेच्या पुढे कंटाळला. मग म्हणाला, "आजी, पण माणसं कुठेयत?"

मला माझे मामा आठवले. ते मुंबईच्या गोदीत हमाल होते. गावी जाताना स्वारगेटला उतरून आमच्याकडे मुक्काम करायचे. तळहातांना घट्टे, पिशवीत गोणी ओढायचा लोखंडी आकडा. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोटीचा स्फोट झाला तेव्हा त्यांची रात्रपाळी होती म्हणून वाचले. एक बोट रिकामी करायला टोळ्यांच्या टोळ्या लागत, दिवसचे दिवस जात.

मामा गोण्या उचलत होते तेव्हाच, 26 एप्रिल 1956 ला, तिकडे अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' बोटीवर 58 डबे चढवून न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठवले. माल नाही, डबाच उचलायचा, एवढीच युक्ती! आज सर्वांत मोठ्या बोटींवर वीस फुटी चोवीस हजार डबे मावतात. मुंबईच्या जुन्या गोद्यांना ते झेपणारं नव्हतं. 1880 ची प्रिन्सेस आणि 1888 ची व्हिक्टोरिया तर पुढे बुजवल्याच. खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर 1989 च्या मे महिन्यात सुरू झालं.

भूगोलाच्या तासाला मी नकाशात तिथे ठिपका काढून घ्यायची. 'मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी' हे उत्तर मुलांकडून घोकून घ्यायची. शेवा हे कोळ्यांचं नांदतं गाव होतं, बंदरासाठी ते उठवून उरणजवळ बसवलं आणि तिथल्या घरांना वाळवी लागली, हे वर्गात कधी सांगितलं नाही. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात दि. बा. पाटलांबरोबर जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेल्यांपैकी पाचजण गोळीबारात गेले, तेही नाही. पुस्तकात नव्हतं, खरं आहे. पण वर्तमानपत्र तर रोज वाचत होते ना मी!

नातवाला मामांबद्दल सांगितलं, शेव्याबद्दलही. त्याने दुर्बीण पुन्हा लावली. क्रेनला काचेची खोली असते, त्यात एक माणूस दिसतो म्हणाला. मला काही दिसला नाही. तेवढ्यात लाँचची वेळ झाली.