मधल्या देशाचा शिक्का

मुंबई-पॅरिस-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क असं तिकीट स्वस्त दिसतं, पण त्यात एक गोची आहे. पॅरिस-फ्रँकफर्ट विमान शेंगेनमध्ये देशांतर्गत धरतात. म्हणजे पॅरिसलाच तुमचा युरोपप्रवेश होतो आणि शेंगेन व्हिसा लागतो. जायचंय अमेरिकेला, अडवतो फ्रान्स!

सेवाग्रामच्या परंपरेतल्या माणसांनी ही अडवणूक पायी चालत भोगली आहे.

गांधीहत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, गांधीजींचे सहकारी सेवाग्रामला जमले. त्यातून सर्वोदय समाज आणि सर्व सेवा संघ उभे राहिले. याच वर्तुळातले, विनोबांना मानणारे सतीश कुमार आणि ई. पी. मेनन जून १९६२ मध्ये अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले. खिशात पैसा नाही. तरी पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण ओलांडून दोघं मॉस्कोला पोचले.

१ मार्च १९६३ ला शंकरराव देवांच्या नेतृत्वाखाली दुसरी पदयात्रा निघाली, दिल्ली ते पेकिंग. सोबत परदेशी शांतिवादीही होते. चीनशी युद्ध थांबून जेमतेम तीन महिने झालेले. त्यामुळे देशातही टीका झालीच. चीनने प्रवेश नाकारला. पण त्याआधीचे देश तरी? पूर्व पाकिस्तान नाही म्हणाला, ब्रह्मदेशही. ज्या पाकिस्तानाने पश्चिमेला दोन वाटसरूंना जाऊ दिलं, त्यानेच पूर्वेला दार लावलं. मला यात नियमापेक्षा राजकारणच जास्त दिसतं. दोघं निव्वळ पाहुणे होते. हा जथा दिल्लीहून पेकिंगला निरोप घेऊन निघालेला.

मग पूर्व पाकिस्तानला वळसा घालून, भारतातूनच चालत, ते आसामात पोचले. १९६४ च्या सुरुवातीला यात्रा तिथेच थांबवावी लागली.