घोरपड, घुमट आणि इग्वाना

पेडणे, डिचोली, सत्तरी या महालांत स्थिरावलेल्या जुन्या मराठी घराण्यांत घोरपड पिढ्यान्‌पिढ्या तीन रूपांनी वावरत आली : आडनावातून, गोष्टीतून आणि घुमटाच्या कातड्यातून. जिवंत प्राणी म्हणून तिची ओळख करून घेण्याची गरज मात्र आपणांस फारशी वाटली नाही. अलीकडे तिच्यासारखाच दिसणारा, पण परदेशातून आलेला इग्वाना पाळण्याची हौस तरुणांत दिसू लागली आहे. तो एकदा आमच्याही घरी आला होता. त्याचे काय झाले हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

बहामनी वजीर महमूद गावान याने कोकणात जी मोहीम काढली, तीत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, त्याच्या हाती आला आणि पुढे १४७२ साली गोवाही. याच खेळण्याचा कडा घोरपडीला दोर बांधून चढल्यामुळे आपल्याला घोरपडे हे नाव मिळाले, अशी मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा आहे. दुसरी गोष्ट सर्वांना पाठ असलेली. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला, तेव्हा ‘यशवंती’ घोरपड कड्यावर चढली, असे पोवाडा सांगतो. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढल्याचे आहे; घोरपडीचा उल्लेख नाही. घोरपड नख्या रोवून आणि अंग फुगवून कपारीत घट्ट बसते, ओढूनही निघत नाही, हे खरे. परंतु माणसाच्या हुकमाने कडा चढणारा प्राणी ती नव्हे. तिच्या अंगचा एक गुण आपण घेतला आणि उरलेली घोरपड कल्पनेने पुरी केली.

घुमटाची गोष्ट अधिक जवळची. डिचोली परिसरातील कुंभारकाम प्रसिद्ध आहे. मातीच्या घटासारख्या या वाद्याची दोन्ही तोंडे उघडी असतात. मोठ्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून बसवायचे आणि लहान तोंडावर हाताचा तळवा ठेवून नाद कमीअधिक करायचा. चवथीच्या आरत्यांना घुमट, शामेळ आणि कांसाळे यांची सुवारी रंगली, की आजही अंगावर रोमांच उभे राहतात. ते कातडे पातळ असूनही चिवट, म्हणून त्याचा नाद खणखणीत. पण त्यासाठी एका घोरपडीचा जीव जात असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि आज घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आम्ही राज्य सरकारच्या सेवेत आयुष्य काढले. कायद्याची परिपत्रके आमच्या टेबलावरून गेली. तरीही चवथीला आरतीस उभे राहिल्यावर समोरच्या घुमटाचे कातडे कशाचे, असा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. २०१९ साली गोवा शासनाने घुमटास वारसा वाद्याचा दर्जा दिला. त्या सुमारास बकऱ्याच्या कातड्याचे घुमट बरेच रूढ झाले होते. नाद थोडा निराळा असेल, आरतीत उणे काही पडले नाही.

आता इग्वाना. २०२१ साली आमच्या पुतण्याने नोकरीसाठी परगावी जाताना आपला वीतभर लांबीचा हिरवा इग्वाना आमच्या स्वाधीन केला. तो घोरपडीचा भाऊबंद असावा असे समजून आम्ही त्याला उकडलेले अंडे आणि पालक देत असू. ऊन मिळावे म्हणून त्याची काचेची पेटी बंद खिडकीच्या काचेला लागून ठेवली. पावसाळा लागला. श्रावणात त्याचे पाय थरथरू लागले, जबडा मऊ पडला. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की हाडांत कॅल्शियम उरलेले नाही. चवथीच्या आदल्या आठवड्यात तो गेला. त्याचे हाल आमच्या अज्ञानाने झाले, हे पुतण्याला दूरध्वनीवर सांगताना आम्हांला फार जड गेले.

नंतर जे समजले ते नव्याने पाळू पाहणाऱ्यांसाठी येथे नोंदवतो. घोरपड मांसाहारी, ती किडे, खेकडे, अंडी खाते. इग्वाना मध्य व दक्षिण अमेरिकेतला झाडावर राहणारा प्राणी. तो पाला खातो, आणि अंडी-मांसाने त्याची मूत्रपिंडे बिघडतात. शेवग्याची पाने, जास्वंदीची पाने व फुले, लाल भोपळा, थोडी पपई असा आहार त्याला मानवतो. पालक नेहमी देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. उन्हातील ज्या अतिनील किरणांनी हाडे घडतात ती काचेतून आत येत नाहीत. ऊन थेट अंगावर पडले पाहिजे, आणि जवळ सावलीही हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले, म्हणून तेव्हा अतिनील किरणांचा खास दिवा दररोज दहा-बारा तास लागतो. शेकण्याच्या जागी ३२ ते ३५ अंश उष्णता आणि हवेत दमटपणा हवा. त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण साल्मोनेला हा जंतू त्याच्या अंगावर असू शकतो. शेपटीस धरू नये, ती तुटते. वीतभराचे हे पिल्लू पुढे पाच-सहा फुटांचे होते आणि नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षे जगते. पेटी नव्हे, माणसाच्या उंचीचा, आत फांद्या असलेला पिंजरा लागतो. मुलाच्या दहावीत आणलेला इग्वाना त्याच्या लग्नाच्या वेळीही घरात असेल, हा हिशेब आधी करावा.

कायद्याचीही बाजू आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाखालील परदेशी प्राणी आपल्या कायद्यात आले. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ संकेतस्थळावरून नोंदणी करणे बंधनकारक आहे. विकत घेताना कागद मागावा. कागद नसेल तर प्राणी घेऊ नये. आणि कंटाळा आला म्हणून त्याला रानात सोडणे तर मुळीच नको. फ्लोरिडात आणि पोर्तो रिकोत असे सुटलेले इग्वाना वाढून मोठा उपद्रव झाला आहे.

पुतण्या आता परत आला आहे आणि दुसरा इग्वाना आणावा म्हणतो. आम्ही नाही म्हटलेले नाही. आधी परसात शेवगा लाव, पिंजरा बांध, कागद पाहा, एक पावसाळा जाऊ दे, एवढेच सांगितले. शेवगा लावून झाला आहे. घोरपडीच्या बाबतीत जे आपण शतकानुशतके विचारले नाही, ते या परदेशी पाहुण्याच्या बाबतीत तरी आधी विचारावे : याला जगायला काय लागते?