तंजावरचा सरस्वती महाल

तंजावरच्या नायक राजांनी बांधलेल्या आणि व्यंकोजी भोसल्यांच्या वंशजांनी पुढे पावणेदोनशे वर्षे वाढविलेल्या त्या अजस्र राजवाड्यात, दरबाराचा चौक ओलांडून, चढत्या मजल्यांच्या मनोऱ्याची सावली मागे टाकून सरस्वती महाल ग्रंथालयात शिरणाऱ्या मराठी माणसाला प्रथम विस्मय वाटतो तो दालनाचा नव्हे, तर तमिळ मुलखाच्या ऐन मध्यभागी बालबोध आणि मोडी अक्षरांनी आपले स्वागत करावे याचा.

नायकांच्या काळचे ग्रंथभांडार मराठ्यांकडे वारशाने आले होते. त्याचे वैभव मात्र दुसऱ्या सरफोजीचे. 1799 च्या तहाने मुलूख व वसूल कंपनी सरकारच्या हवाली करून, तंजावरचा किल्ला, सालीना एक लक्ष होन आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढ्यावर समाधान मानावे लागलेल्या या राजाने उरलेले आयुष्य शिकारीत वा नाचरंगात घालविले असते, तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. त्याने पोथ्या जमविल्या. 1820 साली निघालेल्या काशीयात्रेतूनही पुण्याबरोबर हस्तलिखिते आणली. युरोपातून वैद्यक, शरीरशास्त्र, चित्रकला यांचे ग्रंथ मागविले आणि त्यांवर इंग्रजीत सही करण्याची हौसही फेडून घेतली. माणसाच्या मुद्रेशेजारी पशूची मुद्रा काढून दोहोंचे साम्य दाखविणारी चित्रे येथे मांडलेली आहेत. ती पाहताना दरबारातील किती चेहरे राजाने मनातल्या मनात त्यांच्याशी ताडून पाहिले असतील, असा खट्याळ विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

1855 साली त्याचा पुत्र शिवाजी निपुत्रिक वारला आणि कंपनीने गादी खालसा करून खाजगी मालमत्तेवरही जप्ती बसविली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी फिर्याद केली. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, हे राजसत्तेचे कृत्य आहे, त्यात न्यायालयास दखल देता येत नाही, असे म्हणून तो फिरविला. ज्यांनी जप्ती आणली त्यांच्याच एका जिल्हा न्यायाधीशाने, बर्नेल याने, पुढे येथील संस्कृत पोथ्यांची सूची केली आणि ती 1880 साली लंडनला छापली गेली. इतिहासाला असल्या विसंगतीचे वावडे नसते. 1918 मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले.

संग्रहात सर्वांत मोठा भाग संस्कृताचा. त्याखालोखाल तमिळ व मराठी. ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावतात, वेखंडाच्या पुरचुंड्या कपाटांत ठेवतात, आणि तो उग्र वास पुस्तकांच्या जुनाट गंधात मिसळतो. पण माझा जीव अडकतो तो मोडी रुमालांत. गाठ सोडावी, तो आतून राज्यशास्त्र निघत नाही. निघतात ते अन्नछत्राचे जमाखर्च, कारखान्यांच्या याद्या, कोणाला काय दिले याचे तपशील. मुलूख गेल्यानंतरही कारकून तारीख घालीत होता, बेरीज मांडीत होता आणि खाली, जणू काही झालेच नाही अशा धीमेपणाने, रेघ ओढीत होता.