दरूद

पैगंबरांचे नाव कानी पडताच औशात, सगळ्या मराठवाड्यात, मुसलमानांच्या ओठांवर दरूद, म्हणजे त्यांच्यासाठी क्षेमाची प्रार्थना, येतो. अजानमध्ये ते नाव येते तेव्हा काहीजण अंगठ्यांचे चुंबन घेऊन ते डोळ्यांना लावतात. या रीतीवर मतभेद आहेत, दरूदावर नाहीत, कारण कुराणाच्या ३३व्या सुरेतील ५६व्या आयतीतच तशी आज्ञा आहे. आयतीतला शब्द मात्र अरबी, ‘सलात’च्याच धातूचा. ‘दरूद’ फारसी आहे आणि इस्लामपूर्वही आहे: अवेस्तातील ‘द्रुव’ म्हणजे निरोगी, धडधाकट, त्यावरून पहलवीत ‘द्रोद’, म्हणजे आरोग्य, क्षेमकुशल. हाच ‘द्रुव’ संस्कृत ‘ध्रुव’चा सख्खा भाऊ. हे निव्वळ ध्वनिसाम्य म्हणावे, तर संस्कृत ‘ध’च्या जागी इराणी भाषांत ‘द’ येणे हा नियमच आहे. भूमी तिकडे ‘बूम’ होते तीही त्याच नियमाच्या भावंडाने.

परका शब्द श्रद्धेला उणेपणा आणतो, हा आक्षेप मला पटत नाही. ‘नमाज’ही फारसीच, ‘नमस्’शी नाते सांगणारा, ‘रोजा’ आपल्या ‘रोज’च्या घरचा. बहमनींपासून १९४८पर्यंतच्या निजामी राजवटीपर्यंत औशाच्या कारभारात फारसी-उर्दू वावरली, आणि प्रेषिताचे क्षेम चिंतायला इथल्या माणसांनी क्षेमाचाच शब्द उचलला.